क्रोमची कैफियत

ज्या गावच्या वालधुनी नदीचे पाणी आज निळे, उद्या तांबडे आणि परवा कोणत्याही चित्रकाराने अद्याप न वापरलेल्या एखाद्या वर्णाचे असते, ज्याच्या एका अंगाला अंबरनाथची रासायनिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला कल्याणचे जंक्शन पसरलेले आहे, आणि जेथे ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत दोरीवर घातलेले धोतर वाळत नसून केवळ लोंबकळते, त्या विठ्ठलवाडीत राहून धातूची चकाकी टिकवून दाखवीन असा संकल्प सोडणारा मनुष्य एकतर योगी असला पाहिजे किंवा त्याला सासऱ्याकडून मोटारसायकल मिळालेली असली पाहिजे. योगाचा आणि माझा संबंध चष्मा शोधण्यासाठी पलंगाखाली वाकण्यापुरताच येत असल्याने मी यांपैकी दुसऱ्या वर्गात मोडतो, हे सांगणे नलगे.

माझे श्वशुर अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत नोकरीस होते. तोफांच्या सहवासात आयुष्य गेलेला हा शांत गृहस्थ आयुष्यात एकदाच मोहात सापडला आणि त्याने म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली अडीचशे सीसीची जावा खरेदी केली. या कुळाचा मूळ पुरुष प्रागचा. तेथे १९२९ साली यानेचेक नावाच्या गृहस्थाने मोटारसायकली बनवावयास आरंभ केला, आणि १९६१ पासून त्या म्हैसूरला होऊ लागल्या. १९७३ साली त्यांचे बारसे पुन्हा होऊन त्यांना येझ्दी म्हणू लागले आणि १९९६ मध्ये कारखान्यालाच कुलूप लागले. आमची गाडी बारशापूर्वीची. किरमिजी रंग, त्यावर सोनेरी रेघा, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचे पत्रे, दोन लांबट सायलेन्सर, चकचकीत रिमा, ॲल्युमिनियमची इंजिनझाकणे आणि तशीच चाकांची हबे. किक मारावयाची आणि गिअर टाकावयाचा दांडा एकच, तोही क्रोमचा. श्वशुरांच्या पश्चात ती माझ्या नावावर चढली तेव्हा आप्तांनी ‘जावयाला जावा मिळाली’ हा विनोद केला. तो अद्याप चालू आहे. प्रत्येक लग्नकार्यात तो कोणाला तरी नव्याने सुचतो.

गाडी मिळाली म्हणजे मनुष्य तीवर बसून फिरतो, असा एक गैरसमज रूढ आहे. फिरल्याने चिखल उडतो, डांबर चिकटते, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातून पाजलेले तेल सायलेन्सरच्या टोकातून काळ्या थेंबांच्या रूपाने बाहेर पडून मागल्या चाकाच्या रिमेचा सत्यानाश करते. म्हणून कल्याणच्या कचेरीत जाण्यासाठी मी जन्मभर घरापासून स्टेशनापर्यंत माझी जुनी हर्क्युलिस सायकल आणि पुढे एका स्टेशनापुरती लोकल हीच वाहने वापरली. सायकलीला फडके म्हणून कधी लागले नाही. सेवानिवृत्तीनंतर ती मागल्या दारी मोरीच्या भिंतीला टेकून उभी राहिली, आणि पुढल्या दारी जावेची षोडशोपचार पूजा सुरू झाली.

या पूजेतील पहिला अध्याय क्रोमचा. मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात काढली असल्याने कोणतीही वस्तू हाती आली की तिचे दप्तर तपासून मूळ मालक कोण हे पाहण्याची खोड मला आहे. क्रोमचे दप्तर तपासले आणि या पदार्थाविषयी जो आदर माझ्या मनात होता तो तत्काळ दीर्घ रजेवर गेला. एका मिलिमीटरचे हजार भाग करावे, त्यांतील एक घ्यावा आणि त्याचेही निम्मे करावे. शोभेच्या क्रोमचा थर सामान्यतः एवढाच, कित्येकदा याहूनही कमी. त्याच्या खाली कित्येक पट जाडीचा निकेलचा थर असतो, आणि आपण ज्या झळाळीवर लुब्ध होतो ती बव्हंशी या निकेलची असते. क्रोम वर बसून तिला किंचित निळसर छटा देतो आणि निकेल पिवळा पडून काळवंडू नये एवढी देखरेख ठेवतो. म्हणजे टिपण निकेलने लिहावयाचे, आकडे निकेलने तपासावयाचे, आणि खाली सही मात्र क्रोमची! ज्या मनुष्याने तीस-बत्तीस वर्षे साहेबांच्या सहीखालचा मजकूर स्वतः लिहिला आहे त्याला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना साहेबवर्गाला यावयाची नाही. मी त्या दिवशी टाकीच्या कडेला, जेथे क्रोम झिजून निकेलचा पिवळसर ठिपका उघडा पडला होता, तेथे बोट ठेवून बराच वेळ बसलो.

“अहो, त्या गाडीशी काय पुटपुटताय?” आतून विचारणा झाली.

“निकेलवर फार मोठा अन्याय झाला आहे.”

“आणि दळणावर? सकाळपासून डबा दारात ठेवलाय तो?”

निकेलच्या खाली पोलाद असते; त्याला आपण शिपाई म्हणू. क्रोम स्वतः गंजत नाही, परंतु त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे व तडे असतात; त्यांतून आमच्या गावची दमट हवा आत शिरते, निकेललाही जेथे भोक असेल तेथून खाली उतरते आणि पोलादाला गाठते. गंज चढतो शिपायाला, डाग दिसतो साहेबांच्या अंगावर आणि खुलासा मागितला जातो कारकुनाकडे. असा तांबूस ठिपका पहिल्या प्रथम दिसला तेव्हा मी त्याचा रीतसर पंचनामा केला. जागा, आकार, दिनांक, हवामान इत्यादी तपशील वहीत नोंदवून दोन पंचांच्या सह्या घेतल्या. एक पंच इस्त्रीवाला होता व दुसरा चुकून आमच्या दारात आलेला कुरियरवाला. दोघांनीही मजकूर न वाचता सही केली, त्यावरून पंच म्हणून त्यांची योग्यता माझ्या ध्यानात आली.

ॲल्युमिनियमची जात निराळी. क्रोमला जितके कमी घासावे तितके बरे. पाणी, सौम्य साबण, मऊ कापड आणि वर मेणाचा हात एवढ्यावर त्याचा निर्वाह होतो. ॲल्युमिनियमला मात्र घासल्यावाचून गत्यंतर नाही आणि घासून उपयोगही नाही. या धातूला हवा लागताच तो स्वतःभोवती भस्माचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार करून त्यात दडून बसतो. हा पापुद्राच त्याचे संरक्षण करतो, आणि पुढे ओल, धूळ व हवेतले क्षार त्यावर बसून तोच त्याला निस्तेजही करतो. आपण चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करावी, सहाशे, आठशे, बाराशे असे चढत चढत दोन हजारांपर्यंत जावे, मग मलम लावून फडके काळेकुट्ट होईपर्यंत चोळावे, त्यात आपले तोंड दिसू लागले म्हणून प्रसन्न व्हावे, आणि तेवढ्यात त्याने पुन्हा पापुद्रा विणावयास घेतलेला असावा. निकालात काढलेले प्रकरण दुसऱ्या दिवशी नवा आवक क्रमांक घेऊन टेबलावर हजर होण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ॲल्युमिनियमविषयी अधिक सांगावयास नको.

रस्त्याच्या कडेला ओणवा बसून धातू घासणारा इसम ही सार्वजनिक मालमत्ता होय. पायात चप्पल अडकवून दूध आणावयास निघालेला मनुष्य, ज्याने स्वतःच्या घरची कडी गेल्या दिवाळीपासून पुसलेली नाही, तोसुद्धा थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि ‘असं नाही, असं’ म्हणतो. आमच्या शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. त्यांच्या मते जगातील सर्व प्रश्नांचे उत्तर ब्रासो हे आहे.

“रावसाहेब, आमच्या बकलात सुभेदारसाहेब आपली मिशी बघायचे!”

“मिशी दिसली नाही तर?”

“तर आम्हाला मैदानाच्या सात फेऱ्या दिसायच्या.”

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी जे शहर पाहता पाहता वसविले, आणि ज्याची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते बसली, त्या उल्हासनगरच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू निर्माण व्हावयाची आहे, ही माझी दृढ श्रद्धा. तेव्हा चार नंबर कॅम्पातील एका वयोवृद्ध सिंधी दुकानदाराकडे मी मोठ्या आशेने गेलो. त्यांनी माझे म्हणणे डोळे मिटून ऐकून घेतले आणि गल्ल्यावर बोटे वाजवीत म्हणाले, “साईं, पॉलिश दो किसम का है. एक चमकता है, एक टिकता है.”

“चमकेल आणि टिकेल असे तिसरे?”

“वो मिले तो मुझे भी बताना. मेरी दुकान का बोर्ड भी काला पड़ गया है.”

एवढी सचोटी व्यापारात मी क्वचितच पाहिली. तिच्यापुढे नतमस्तक होऊन दोन्ही डबे घेतले.

चिरंजिवांचा मार्ग वेगळा. त्याने पोळ्या गुंडाळावयाचा चंदेरी कागद चुरगाळला, थंड पेयात बुडविला आणि सायलेन्सरवरचे गंजाचे ठिपके चोळावयास घेतले. क्रोमपेक्षा ॲल्युमिनियम पुष्कळ मऊ असल्यामुळे ओरखडा न उठता गंज निघतो, हे त्याचे शास्त्र. आणि दुर्दैवाने ते खरे निघाले. मी महिनोन् महिने ज्या ठिपक्यांचे संगोपन केले होते ते अर्ध्या घटकेत नाहीसे झाले. मला या गोष्टीचा जो राग आला त्याचे कारण घरात कोणालाच समजावून सांगता येईना. सुदैवाने त्या पेयात साखर होती. सायंकाळपर्यंत परिसरातील समस्त मुंग्यांनी दोन्ही सायलेन्सरांचा ताबा घेतला, त्यांपैकी एक बिनीचे पथक आत शिरून वसाहत करून राहिले, आणि मला ‘बघितलंस?’ हा पितृत्वाचा मूलभूत अधिकार बजावता आला.

तथापि खरे ज्ञान स्वयंपाकघरातच असते. सौभाग्यवतीने एके दिवशी माझा पॉलिश पेपरचा संसार बाजूला सारीत सांगितले की, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, पातेल्यात नुसते पाणी उकळले तर ते आतून काळे पडते आणि त्याच पातेल्यात आमसुलाचे सार केले की लखलखीत निघते; एवढे समजावयास पॉलिटेक्निकात जावे लागत नाही. आंबट पदार्थ तो काळा थर खातो, हे रसायनशास्त्राला मान्य आहे. मी त्याच दिवशी इंजिनाचे झाकण सोडविले, रॉकेलने तेलाचा अंश काढून टाकला आणि मोठ्या पातेल्यात आमसुले घालून त्यास मंद आचेवर ठेवले. नेमके त्याच वेळी बदलापूरचे व्याही पूर्वसूचना न देता आले. हा गृहस्थ वासाचा दर्दी आहे.

“वहिनी, सार दिसतंय! फोडणी व्हायचीय वाटतं?” असे म्हणत त्यांनी आपल्याच हाताने झाकणी उचलली आणि आत पळी फिरविली. पळी खणकन वाजली. त्यांनी आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि आमच्या घरची आर्थिक स्थिती इतकी खालावली असल्याची वार्ता त्यांना अगोदर कोणी का दिली नाही, अशा करुणेने ते पुढला तासभर आमच्याशी वागले. जाताना पाचशे रुपयांची नोट सौभाग्यवतीच्या हाती ठेवून ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणाले. झाकण मात्र उजळले होते. पांढुरके झाले होते म्हणणे अधिक सत्यास धरून होईल. आरशाची झाक आणावयास पुन्हा पॉलिश पेपरच.

मनुष्याने शत्रूंचा बंदोबस्त करावा, हितचिंतकांचा कसा करणार? आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या मावशींना माझी ती ओणवी मूर्ती पाहून कणव आली. मी बाजारात गेलेला पाहून त्यांनी तारेची घासणी आणि भांड्यांची भुकटी घेतली आणि टाकीच्या एका बाजूचा संपूर्ण पत्रा कढईच्या बुडाच्या नियमाने घासून काढला. मी परतलो तेव्हा त्या पदराने घाम पुशीत उभ्या होत्या.

“साहेब, किती दिवस चोळत बसलात! एवढं सोप्पं होतं.”

अगोदरच झिजत आलेल्या त्या क्रोमवर आता वर्तुळाकार रेषांचे असे जाळे पडले होते की त्यात पाहणाऱ्याला आपले तोंड न दिसता आपली कुंडली दिसावी. मी त्यांना धन्यवाद दिले. दुसरे काय देणार? काम सोडून गेलेली मावशी पुन्हा मिळत नाही; क्रोम पुन्हा चढविता येतो.

क्रोम चढविण्याच्या कारखान्यात गेल्यावर माझ्या निकेलविषयक मतांना जी पुष्टी मिळाली तिचे वर्णन करणे अवघड आहे. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली हौदांची ओळ. जुना मुलामा उतरवावयाचा, मग वस्तू बफिंगच्या चाकावर धरावयाची, मग तांबे, मग निकेल, सर्वांत शेवटी क्रोम. मालकाने सांगितले की चकाकी हौदात नसते, ती बफिंगमध्ये असते. खालच्या पत्र्यावर एक ओरखडा राहिला तर वरचे सगळे थर त्याची इमानेइतबारे नक्कल उतरवितात. आणि ते बफिंग करणारा पोरगा! कापडी चाकाच्या काळ्या भुकटीने तो आपादमस्तक असा माखला होता की हसला तेव्हाच तो कोठे उभा आहे हे कळले. वस्तू निकेलच्या हौदात बराच वेळ मुकाट्याने लोंबत राहते. क्रोमच्या तांबूसकाळ्या हौदात तिला जेमतेम दोन-चार मिनिटे बुडवितात.

“एवढ्यात झाले?” मी विचारले.

“क्रोमचं एवढंच असतं, काका.”

साहेबांचा दौरासुद्धा याहून जास्त वेळ चालतो, असे माझ्या ओठांवर आले होते. त्या हौदांतले धुवण पुढे कोणीकडे जाते हे विचारावयाचेही मनात होते. परंतु वालधुनी तेथून जवळच वाहत असल्याने आणि माझे सायलेन्सर त्यांच्या ताब्यात असल्याने मी तो प्रश्न तहकूब ठेवला.

‘गुरुवारी न्या’ असे त्यांनी सांगितले. कोणत्या गुरुवारी, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगण्याची घाई केली नाही. अनेक गुरुवार उलटल्यावर गासडी घरी आली, उत्सुकतेने उघडली, तो आतून दोन कर्णे निघाले. लगीनसराईचे दिवस, एका बँडवाल्यानेही आपली वाद्ये मुलाम्याला दिलेली. कागदात गुंडाळल्यावर चकाकी चकाकीसारखीच दिसते. मी कर्णे घेऊन धावत गेलो तेव्हा बँडमास्तर माझा सायलेन्सर हातात धरून कारखान्यात उभाच होता आणि त्याच्या ओठांभोवती काजळीचे सुबक वर्तुळ उमटले होते.

“सूर लागत नाही हो,” तो व्याकूळ होऊन म्हणाला, “नुसता वास येतो.”

नव्या मुलाम्याची गाडी अंगणाच्या फाटकाशी उभी राहू लागल्यापासून मला एका सत्याचा साक्षात्कार झाला. आजपावेतो एकाही मनुष्याने ती गाडी पाहिलेली नाही; प्रत्येकजण तीत स्वतःला पाहतो. रिक्षावाले थांबून भांग पाडतात. महाविद्यालयात जाणाऱ्या मुली टिकली सारखी करतात. मुलाखतीस निघालेला एक उमेदवार टाकीच्या पत्र्यासमोर ‘गुड मॉर्निंग सर’ अशी तालीम करून गेला. टाकीचा पत्रा फुगीर असल्यामुळे त्यात नाक मुळापासून शेंड्यापर्यंत विस्तार पावते व कपाळ नाहीसे होते, त्यामुळे त्याचा धीर सुटला असल्यास नवल नाही. आमच्या वॉर्डाच्या निवडणुकीस उभे राहिलेले एक सद्गृहस्थ मते मागावयास आले, मी दार उघडेपर्यंत हात जोडण्याच्या तीन-चार पद्धती त्यांनी सायलेन्सरात पडताळून पाहिल्या आणि त्यांतली सर्वांत नम्र मला दाखविली. एक कावळा तर रोज सकाळी हेडलाइटच्या कड्यातील कावळ्याशी भांडावयास येतो, चोच मारतो, पराभूत होतो आणि जाताना निषेधाचा लेखी पुरावा ठेवून जातो. तो पुरावा वाळण्यापूर्वी पुसावा लागतो. म्हणून मीही पहाटेच उठतो. तेवढ्यात माझीही मिशी एकदा पाहून होते; पण ते गाडीच्या निगेच्या ओघात.

दसऱ्याच्या दिवशी या सर्व निगेवर धर्म चालून येतो. ओले कुंकू टाकीवर, हळद हँडलवर, लोखंडी तारेत ओवलेला झेंडूचा ओला हार हेडलाइटच्या गळ्यात, आणि नारळ कोठे फोडावा याचे शास्त्र स्पष्ट नसल्यामुळे शेजारचे हवालदार तो फूटरेस्टवर फोडतात. नारळाचे पाणी नवे ॲल्युमिनियम शोधीत जाते. मग दृष्ट लागू नये म्हणून हँडलला लिंबू-मिरची. लिंबू हळूहळू पाझरते, थेंब थेंब खालच्या झाकणावर पडतो, आणि दृष्ट लागावयास जागाच उरत नाही. शिलाहारांनी अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये काळ्या पाषाणात बांधले. सहस्र पावसाळे होत आले तरी त्याला कोणी मलम लावून चोळीत बसलेले मी पाहिले नाही. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

पावसाळ्यापुरते तरी कोणी मला दोष देऊ नये. आषाढी एकादशीस विठ्ठल निद्रिस्त होतो, त्याच मुहूर्तावर मी गाडीला नखशिखान्त व्हॅसलिनचा लेप देऊन, वर जुनी लुगडी गुंडाळून तिला निद्रिस्त करीत असे. चकाकी शाबूत राहावी म्हणून पावसाळाभर ती कोणाला दिसू द्यावयाची नाही, यातील तर्क मला निर्दोष वाटतो. लुगडी जुनी होती की नव्हती हा मात्र आमच्या घरातील प्रलंबित मुकदमा आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात वालधुनी आमच्या ओटीपर्यंत आली तेव्हा मी आणि चिरंजीव यांनी सर्वप्रथम जावा उचलून दिवाणावर चढविली. गाडी वाचली. तांदळाचा पिंप, गाद्या आणि सौभाग्यवतीच्या माहेरचे फोटो दिवाणाखाली होते. या प्रकरणी मी आजवर एकही शब्द बोललेलो नाही. तिकडच्या बाजूचा युक्तिवादच अद्याप पुरा व्हावयाचा आहे.

अशा चातुर्मासातच जावाप्रेमी मंडळींचा वार्षिक सोहळा यावा, यापरता दैवदुर्विलास कोणता? जुलैचा दुसरा रविवार हा जावेचा आंतरराष्ट्रीय दिवस. ही तिथी काढणाऱ्याला कोकणचा पाऊस ठाऊक नव्हता किंवा फारच चांगला ठाऊक होता. एका वर्षी मीही जावयाचे ठरविले. लेप उतरविला, रात्रभर चोळले, आणि सकाळी आभाळ फाटल्यासारखे कोसळू लागले. मग मी एक टेम्पो ठरविला, गाडीला ताडपत्री घातली, स्वतः तिच्या शेजारी छत्री उघडून बसलो आणि समारंभाच्या स्थळापासून थोडे अलीकडे, वडाच्या आडोशाला तिला उतरवून ढकलीत नेली. तेथे शेपन्नास जावा आणि येझ्दी धूर ओकीत उभ्या होत्या. मालकांसकट सर्वांच्या अंगावर चिखलाचा एकच गणवेश. त्या चिखलात माझी गाडी विजेसारखी चमकत होती आणि सर्वांच्या मुद्रेवर आदराऐवजी संशय उमटला होता.

“काका, कुठून आलात?”

“विठ्ठलवाडीहून.”

“चालवत?”

“वाटेत कोठेही थांबलो नाही,” मी म्हणालो. हे अक्षरशः खरे होते. इतक्यात टेम्पोवाला धापा टाकीत आला आणि सर्वांदेखत म्हणाला, “काका, छत्री राहिली. आणि परतीचं भाडं आत्ताच द्याल का?”

त्या मेळाव्यातून माझ्या गाडीची कीर्ती मात्र पसरली, आणि दिवाळीनंतर मुंबईहून एक संग्राहक पाहावयास आले. गुळगुळीत बोलणारा, उंची सदरा घातलेला तरुण मनुष्य. त्यांच्या स्वागतासाठी मी आदल्या दिवसापासून फडके खाली ठेवले नव्हते. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, वाकून टाकी पाहिली, तीत (अर्थातच) स्वतःचे केस सारखे केले, आणि दीर्घ निःश्वास सोडला.

“काका, फार घासलीत हो.”

“म्हणजे?”

“हा क्रोम नंतर चढवलेला. हे झाकण घासून घासून अक्षरंसुद्धा पुसट झालीयत. जाणकार लोकांना आता मूळ स्थितीतली गाडी हवी असते. कारखान्यातून आली तशी, वर वयाचा गंज. हात न लावलेला गंज, काका! त्याला मोल आहे. चकचकीत काय, कोणीही करून देतो.”

निकेलवरचा अन्याय, आमसुले, मुंग्या, बँडमास्तर हे सर्व एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून सरकले. काय बोलावे ते सुचेना. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सौभाग्यवतीने मात्र हा संवाद शेवटापर्यंत ऐकला होता.

“गंजच हवाय ना तुम्हाला?” ती म्हणाली. “मागल्या दारी या.”

आम्ही मोरीच्या भिंतीपाशी गेलो. हर्क्युलिस तेथे उभी होती. मडगार्ड तांबूस, साखळी घट्ट बसलेली, घंटेवर शेवाळ, डायनामोत कोळ्याचे जाळे आणि आसनावर एक मांजर. संग्राहकांचा श्वास रोखला गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मांजराला अत्यंत अदबीने खाली उतरविले आणि मला कल्पनाही करवली नसती असा आकडा उच्चारला. सौभाग्यवतीने तत्काळ त्यात आणखी पाचशे घालावयास लावले. मी हतबुद्ध होऊन उभा होतो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, केवळ घंटा तरी नीट दिसावी म्हणून, खिशातले फडके काढून हात पुढे केला.

“काका!” संग्राहक किंचाळले आणि माझ्या नि सायकलीच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. “मागे व्हा! कृपा करून मागे व्हा!”